भंडारदऱ्याला आणखी गर्दी पाठवू नका : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



भंडारदऱ्याला आणखी पर्यटक आणणारी एखादी योजना आपल्या टेबलावर सहीसाठी आली असेल, तर ती तूर्त बाजूला ठेवा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. माणसं तिथे येतातच. मे महिना संपताना आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तर गावांना झेपतील त्याच्या कितीतरी पट येतात. ठरवायचं राहिलं आहे ते एवढंच, की किती यावीत, कशाने यावीत आणि कोणाला विचारून यावीत. आणि हे मंत्रालयात बसून ठरू नये. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांनी ते ठरवावं आणि आपण त्यांच्या पाठीशी उभं राहावं, असं माझं म्हणणं आहे.

मी नाशिक रोडची. बिटको चौकातून निघावं, देवळाली गाव, विहितगाव, लॅम रोड करत देवळाली कॅम्प गाठावं, सावरकरांचं भगूर मागे टाकून पांढुर्लीला सिन्नर-घोटी रस्त्याला लागावं. घोटीला चहा. मग बारीचा घाट, उजव्या हाताला कळसूबाई, आणि खाली उतरलं की शेंडी, म्हणजे लोक ज्याला भंडारदरा म्हणतात ते गाव. दोन-अडीच तासांची वाट. नोटांच्या प्रेसमधल्या कामगारांच्या सहली, शाळांच्या सहली, नव्या जोडप्यांचा पहिला पावसाळा, सगळं याच वाटेने गेलेलं. आमच्यासाठी भंडारदरा म्हणजे घराचं परसदार. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी मालकी हक्काची भाषा आली तर समजून घ्या; पण परसदाराचे खरे मालक आम्ही नव्हे, हेही मला ठाऊक आहे.

या वाटेवर गेल्या काही वर्षांत एक मोठा फरक पडला. समृद्धी महामार्ग आधी भरवीरपर्यंत आला, मग २०२४ च्या मार्चमध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन आणि काजव्यांचा ऐन हंगाम. योगायोगच म्हणायचा. ठाणे-भिवंडीकडचा माणूस आता कसारा घाट न चढता बोगद्यातून थेट इगतपुरीला येतो, तिथून घोटी, आणि घोटीहून तासाभरात शेंडी. एवढ्या रुंद रस्त्याने येणारा लोंढा शेवटी ज्या रस्त्यावर ओतला जातो, तो मुरशेत-पांजऱ्याकडचा रस्ता. समोरून एसटी आली तर एकाने गाडी मागे घ्यावी लागते, असा.

आता काजव्यांबद्दल. आपण त्यांची जाहिरात पाहिली असेल. मी त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलते.

रोहिणी निघाल्या, वळवाच्या एक-दोन सरी पडल्या आणि हवेत दमटपणा आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजवे दिसू लागतात. मृगाचा पाऊस नेटाने लागला की ते दिसेनासे होतात. सगळा खेळ दोन-तीन आठवड्यांचा. गावातली म्हातारी माणसं काजवे बघून पाऊस किती जवळ आला याचा अंदाज बांधतात. काजवा हा माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातला कीटक. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो. त्या उजेडात उष्णता जवळपास नसतेच. 

पण हा उजेड आपल्यासाठी नाही. नर उडत उडत ठरावीक लयीत लुकलुकतो, आणि पानावर किंवा गवतात बसलेली मादी त्याला उलट उत्तर देते. जगातल्या काही जातींच्या माद्यांना तर पंख नसल्याने उडताच येत नाही. या सवाल-जबाबातून जोडी जुळते, अंडी ओल्या मातीत पडतात, आणि पुढचे कित्येक महिने त्यांच्या अळ्या पालापाचोळ्याखाली गोगलगायी, गांडुळं खात वाढतात. म्हणजे यंदा झाडावर जे लखलखतं ते गेलं वर्षभर त्याच झाडाखाली जमिनीत होतं. प्रौढ काजव्याच्या हातात फार तर दोन-चार आठवडे. त्यातल्या शनिवार-रविवारच्या रात्री आपण हेडलाइटने धुऊन काढल्या तर नुकसान त्या रात्रीचं होत नाही, पुढच्या वर्षाचं होतं. रस्त्यालगतच्या शिवारात गाड्या लावल्या, झाडाच्या बुंध्याशी शंभर माणसं फोटोला उभी राहिली, की चिरडल्या जातात त्या गवतातल्या माद्या आणि मातीतल्या अळ्या. वरचे नर चमकतच राहतात, म्हणून आपल्याला काही बिघडल्यासारखं वाटत नाही.

फोटोंचंही सांगायला हवं. मोबाईलवर फिरणारी ती झगमगती झाडं, जणू लग्नाला रोषणाई केलेली, ती एका क्षणाची नसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून, झडप उघडी ठेवून, अनेक मिनिटांच्या अनेक फोटोंची बेरीज करून ते चित्र तयार होतं. डोळ्याला दिसतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त सुंदर: काळोख, मग एका फांदीवर लुकलुक, मग सगळं झाड एका तालात पेटल्यासारखं, मग पुन्हा काळोख. पण ते दिसायला दहा-पंधरा मिनिटं अंधारात गप्प उभं राहावं लागतं. फोटो बघून आलेल्या माणसाला एवढा धीर नसतो. तो म्हणतो, ‘एवढंच?’ आणि मोबाईलचा टॉर्च लावतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला ज्याने बोलावलं त्याने ‘महोत्सव’ दाखवतो असं सांगितलं होतं.

हंगामातल्या एखाद्या शनिवारी रात्री आठ वाजता शेंडीहून पुढे जाऊन बघा, महोदय. ताफ्याशिवाय, साध्या गाडीने. गाड्यांची रांग, त्यांचे पिवळे-पांढरे झोत, खिडकीतून बाहेर येणारी गाणी, जलाशयाच्या काठाने तंबूंच्या ओळी आणि त्या प्रत्येकावर एलईडीच्या माळा. काजवे बघायला आलेल्यांच्या तंबूवर विजेच्या माळा, हे फक्त आपणच करू जाणे. त्या रांगेत गावातला कोणी बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण घेऊन राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघालेला असेल, तर त्याने वाट कशी काढायची?

यावर शासन काय करतं? मला दिसतं ते असं, की आपल्याला दोनच गोष्टी येतात. एक महोत्सव, दुसरी मनाई. आधी या म्हणून जाहिराती करायच्या. मग काहीतरी भयंकर घडलं की दार लावून घ्यायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला. अशा प्रत्येक घटनेनंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून बंदीचे आदेश निघतात: धबधब्यापासून अमुक अंतरावर उभं राहू नये, पाच माणसांनी जमू नये, सायंकाळी सहानंतर थांबू नये. पावसाळा सरतो, आदेश विरतो, पुढच्या वर्षी जाहिराती पुन्हा. हे वरातीमागून घोडं आपण दरसाल नव्याने सजवतो.

मनाईने मारला जातो तो गावातला माणूस. हे मुंबई-पुण्यातल्या निसर्गप्रेमींना, आणि आमच्या नाशिकच्याही, सहसा सुचत नाही. सगळं बंद करा, जंगल वाचेल, असं आम्ही चहा पिता पिता म्हणतो. ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. पावसावरचं एक भाताचं पीक, थोडी नाचणी, वरई, खुरासणी, आणि हिरड्याची वेचणी. भात झोडपून झालं की कितीतरी घरं कुलूप लावून नारायणगाव-ओतूरकडे बागायतीच्या मजुरीला निघतात. मेअखेर राब भाजून झालेले असतात, धूळवाफेची पेरणी तोंडावर असते, पोरांच्या शाळा उघडायच्या असतात. घरात रोख पैसा नसण्याचा सगळ्यात वाईट काळ हाच. नेमके त्याच पंधरवड्यात काजवे येतात आणि पाहुणेही येतात. भाकरी, पिठलं, अंथरूण-पांघरूण, वाटाड्याचे पैसे, या सगळ्यांतून जे हातात पडतं त्याला त्या दिवसांत फार किंमत असते. तेव्हा काजवे वाचवायला पर्यटन बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा मला अधिकारही नाही.

पण आलेल्या पैशातला किती गावात राहतो, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. तंबूंचा धंदा गावातली पोरं करतात, तसे बाहेरून येऊन जागा भाड्याने घेणारेही करतात. जेवण म्हणून पनीर मसाला आणि शेवभाजी मिळते. दोन्हीचं सामान घोटीहून येतं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि त्याच तालुक्यात पाहुण्याच्या ताटात काळभात किंवा रायभोग शोधावा लागतो. हा दोष गावाचा नाही. एका रात्रीत पाचपट माणसं उतरवली की कोणीही पनीरच शिजवेल.

या भागाला बाहेरच्यांची सोय करण्याची सवय जुनी आहे. प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दगडी बांधकामाचं हे धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत मोजलं जायचं. साठा ११ टीएमसी. ते पाणी गेलं खाली, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला. नगर जिल्ह्याचा साखरपट्टा त्यावर उभा राहिला. सहकाराचा जो इतिहास आपण अभिमानाने सांगतो त्याचं पाणी इथलं. आणि धरणाच्या कडेच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन झरे धुंडाळतात. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. इथे राखणारे कोरडे आणि चाखणारे शंभर किलोमीटरवर. पुढे घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला. पाणी खाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा ते पुन्हा वर चढवायचं. विजेची राज्याला गरज होती, मान्य. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं, ३६१ चौरस किलोमीटरचं. त्याचीही गरज होती. पण धरण, वीज, अभयारण्य, तिन्ही वेळा गावांना कळवलं गेलं. विचारलं गेलं नाही. पर्यटन ही चौथी वेळ आहे, आणि ती अजून हातातून गेलेली नाही.

विचारायचं म्हणजे काय, याचं उदाहरण लांब शोधायला नको. अकोले तालुक्यातच पुरुषवाडी आहे, मुळा खोऱ्यातलं डोंगरगाव. तिथे दोन दशकांच्या आसपास गावाने चालवलेलं पर्यटन सुरू आहे. ‘ग्रासरूट्स’ या संस्थेने त्याची सुरुवात करून दिली. पाहुणा आधी नोंदणी करून येतो. तो कोणाच्या घरी जेवेल, कोण त्याला रानात नेईल, हे गाव पाळीने ठरवतं, म्हणजे रस्त्यालगत घर असलेल्याचीच चांदी होत नाही. काजवे तिथेही आहेत. हंगामात तिथेही गर्दीचा ताण येतो; पुरुषवाडी काही स्वर्ग नव्हे. पण पाहुणा गावात शिरताना कोणाचा तरी पाहुणा असतो, आणि पाहुणा म्हटला की त्याला ‘दिवा बंद करा’ असं सांगता येतं. गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण तर शासनाचंच. साताऱ्याजवळचं कास पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसोबत २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि लोक फुलांवर लोळून फोटो काढू लागले. मग वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली. नोंदणी ऑनलाइन, गाड्या लांब वाहनतळावर, तिथून बस. गावच्या पोरांना त्यात काम मिळालं. चुकाही झाल्या: पठाराला कुंपण घातलं, गुरांची ये-जा थांबल्याने फुलांवर परिणाम होतोय अशी ओरड झाली, आणि कुंपण काढावं लागलं. पण मर्यादा कोणी काढा म्हटलं नाही, आणि मर्यादा आहे म्हणून कासला कोणी जाईनासं झालं असंही नाही. माथेरानला तर मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, तरीही तिथे शनिवारी खोली मिळत नाही.

फुलं दिवसा बघायची आणि महिना-दीड महिना टिकणारी. काजवे रात्रीचे आणि पंधरा-वीस दिवसांचे, म्हणून त्यांचा आकडा कासपेक्षा खूप लहान असायला हवा. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एका तालात लुकलुकणाऱ्या काजव्यांची एक जात आहे. तिथे हंगामाच्या आठ रात्रींसाठी चक्क सोडत काढतात, रात्रीला साधारण सव्वाशे गाड्यांना परवाना मिळतो, टॉर्चला लाल कागद लावायला सांगतात. म्हाडाच्या घरासाठी सोडत आपल्याला चालते, मग काजव्यांसाठी का नाही?

आपण म्हणाल, हे अभयारण्य आहे, वनखात्याचा विषय आहे. बरोबर. घोडं इथेच पेंड खातं. जाहिरात पर्यटनाची, प्रवेशशुल्क वन्यजीव विभागाचं, जलाशय जलसंपदा खात्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, कोंडी सोडवायची पोलिसांनी आणि मनाईचा आदेश काढायचा जिल्हाधिकाऱ्यांनी. त्यात वन्यजीव विभागाचं कार्यालय नाशिकला आणि महसुली जिल्हा अहिल्यानगर. या सगळ्यांच्या मधोमध गाव, ज्याला कोणीच खातं म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यात कोणी, कधी, कोणत्या अटीवर जायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यात आहे. अकोल्याचा हा पट्टा पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे इथे १९९६ चा पेसा कायदा लागू. राज्याने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. ग्रामसभेला इथे जो अधिकार आहे तो तुमच्या-आमच्या शहरातल्या वॉर्डाला नाही. नवा कायदा नको आहे. असलेल्या दोन कायद्यांनी एका सतरंजीवर बसायला हवं, आणि त्यांना बसवण्याएवढं वजन मंत्र्याच्याच शब्दाला असतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. हंगामात सायंकाळनंतर बाहेरच्या खासगी गाड्या शेंडीच्या पुढे सोडू नयेत. गाड्या शेंडीला लावून पुढे एसटीच्या लहान बस सोडाव्यात. एसटीवर अजूनही लोकांचा विश्वास आहे, आम्हा बायकांना तर अर्धं तिकीट आहे. आणि एका गाडीत चौघं धरले तर पन्नास माणसांमागे पंचवीसेक हेडलाइटऐवजी चारच पेटतात, हा हिशेब कोणालाही कळेल. चालक आणि वाटाडे गावातले असावेत. रात्री मुक्कामाला राहणाऱ्यांना आधी जागा द्यावी, कारण रात्री येऊन रात्रीच परतणारा माणूस गावाला कचऱ्याखेरीज फारसं काही देत नाही. हे थोडं कठोर वाटेल, आमच्या नाशिक रोडच्या निम्म्या लोकांना तर नक्कीच, कारण आम्ही दोन तासांवरचे असल्याने रात्रीच परततो. वाटू द्या. जलाशयाच्या काठावर हंगामात विजेच्या माळा आणि ध्वनिक्षेपक नकोत, आणि हा नियम सरकारी निवासांना आधी लागू करावा, मग तंबूवाल्यांना. नाक्यावर जे शुल्क घेतलं जातं त्यातले किती रुपये कोणत्या गावाच्या समितीकडे गेले, हे त्याच नाक्यावर फळ्यावर खडूने लिहावं. संकेतस्थळावर नको, तिथे कोणी बघत नाही.

आणि जाहिरात करायचीच असेल तर बाकीच्या अकरा महिन्यांची करा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर वर्षभर तिथेच असतं. त्याच्या दगडात कोरलेलं काम बघायला कार्तिकातली कोवळी उन्हं लागतात, जूनमधला अंधार नव्हे. सांदण दरी तर पावसाळ्यात उतरायचीच नाही, ती हिवाळ्याची. रतनगडाच्या नेढ्यात वारा खात बसायला डिसेंबर चांगला. कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तिच्यावर बारीची माणसं नवरात्रात देवीच्या यात्रेला चढतात. तेव्हा त्यांच्या मागून चढावं, शिड्यांवर ढकलाढकली न करता. गर्दी पसरली की गावाला वर्षभर थोडं थोडं मिळेल. आता मिळतं ते वीस दिवस, आणि तेही गुदमरून.

घाई का, तर २०२७ चा सिंहस्थ. ऑगस्ट-सप्टेंबरात देशभरातले लोक नाशिक रोड स्टेशनवर उतरतील. पर्वणीच्या मधल्या दिवसांत मोकळी झालेली माणसं कुठे वळणार, हे आमच्या स्टेशनबाहेरचा कोणताही टॅक्सीवाला सांगेल: ऐन पावसात रंधा धबधबा, अंब्रेला फॉल, घाटघरचा कोकणकडा. त्या कड्यावर धुक्यात चार पावलांवरचं दिसत नाही. कुंभाच्या आराखड्यात रस्ते आहेत, घाट आहेत, पूल आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या या डोंगरगावांसाठी एक पान त्यात घालून घेणं आपल्या हातात आहे.

आमच्या नाशिक रोडकरांनाही या पत्रातून एक निरोप देऊन ठेवते. हंगामात शनिवार-रविवार सोडून मंगळवारी जा. एकाच गाडीत चौघं बसा. घोटीहून वेफर्स न नेता गावात भाकरी सांगा आणि ती तयार व्हायला तासभर थांबा. मोबाईल गाडीतच राहू द्या. मंत्र्यांनी काही करायची वाट बघायला नको, एवढं आपल्यालाही जमतं.

आणि महोदय, आपल्याला शेवटची विनंती. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते. येत्या ग्रामसभेला रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे आणि मुरशेतला आपल्या खात्याचा आणि वन्यजीव विभागाचा प्रत्येकी एक अधिकारी पाठवा. भाषण करायला नको, लिहून घ्यायला. एका रात्री किती माणसं चालतील, हा आकडा गावांकडून घ्या. मार्च संपायच्या आत त्याचा आदेश काढा, म्हणजे मे महिन्यात कोणाला नाही म्हणायची वेळ आली तर नाक्यावर उभ्या असलेल्या गावच्या पोराच्या हातात शासनाचा कागद असेल.

आपली,
नाशिक रोडची एक रहिवासी